अल्बमच्या चौथ्या शीटला दम टाकणारा पीसी: रॅम वाढवायची, एसएसडी टाकायची, की नवीनच घ्यायचा?

"दादा, परत आलं ते."

गेल्या तीन सीझनमध्ये हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की 'ते' म्हणजे काय, हे विचारावं लागत नाही. फोटोशॉपमध्ये लग्नाच्या अल्बमची तिसरी-चौथी शीट उघडी असते, स्टुडिओतला आमचा पोरगा नवरीच्या फोटोला मास्क मारत (नको असलेला भाग झाकत) असतो, बाणाऐवजी ते निळं कडं फिरायला लागतं आणि मग स्क्रीनच्या मधोमध खिडकी उगवते: स्क्रॅच डिस्क (रॅम अपुरी पडली की फोटोशॉप डिस्कवरची जी जागा उसनी वापरतं ती) भरल्यामुळे काम पूर्ण करता आलं नाही. ओके दाबायचं, फोटोशॉप बंद करायचं, पुन्हा चालू करायचं, अर्धा तास बरा जातो. मग पुन्हा तेच.

मशीन २०१४ साली असेंबल केलेलं. इंटेल कोअर आय५-४४६०, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, चार-चार जीबीच्या दोन डीडीआर३ रॅम (चालू काम जिथे मांडलं जातं ती तात्पुरती मेमरी), एक टीबीची हार्ड डिस्क. एसएसडी, म्हणजे आत फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क, नव्हतीच. तेव्हा कॅमेरा १८ मेगापिक्सेलचा होता, अल्बम छोटे होते आणि हे मशीन घोड्यासारखं पळायचं. आता कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, सगळं शूट रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मोठी मूळ फाइल), आणि गिऱ्हाइकाला करिझ्मा अल्बम (फोटो थेट पानावर छापलेला डिजिटल अल्बम) बारा बाय छत्तीस इंचाच्या शीटचाच हवा.

दरवेळचा आमचा उपाय ठरलेला होता: फॉरमॅट मारायचा. आणि फॉरमॅट मारला की खरंच पंधरा-वीस दिवस मशीन सुतासारखं सरळ चालायचं. म्हणून तर खरं कारण शोधायला तीन वर्षं लागली. फॉरमॅटने आजार बरा होत नव्हता, सी ड्राइव्ह रिकामा होत होता, एवढंच. तो पुन्हा भरला की पुन्हा तेच.

पहिली चूक: ग्राफिक कार्ड

दुकानदाराने दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "फोटोचं काम ना? मग ग्राफिक कार्ड पायजे." मलाही पटलं. फोटो म्हणजे ग्राफिक, ग्राफिक म्हणजे कार्ड. चार जीबीचं जीटीएक्स १६५० सेकंडहँड घेतलं. निदान त्याला एसएमपीएसमधून (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यातून) वेगळी वायर लागत नाही, स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटवर ते चालतं, म्हणून जुना एसएमपीएस बदलावा लागला नाही.

फरक? लिक्विफायचा (चेहरा-कपडे हलके सरकवून नीट करायचा) ब्रश गुळगुळीत चालायला लागला. झूम करताना चित्र अडखळेनासं झालं. शीट उघडायला मात्र आधी लागायचे तेवढेच पावणेदोन मिनिटं, सेव्ह व्हायला तेवढेच तीन. आणि आठव्या दिवशी पोरगा म्हणाला, "दादा, परत आलं ते."

त्या कार्डाला मी बऱ्याच शिव्या दिल्या. त्यातल्या निम्म्या पुढे परत घ्याव्या लागल्या, ते खाली येईलच.

मग घड्याळ लावून बसलो

एका रविवारी मोबाइलचा स्टॉपवॉच आणि एक शंभर पानी वही घेतली आणि नेहमीचं काम नेहमीसारखंच करत गेलो. फक्त जिथे थांबावं लागलं, तिथे किती वेळ थांबलो आणि तेव्हा मशीनमधलं नक्की काय दमलं होतं, हे लिहीत गेलो. त्यासाठी वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो, त्यातला परफॉर्मन्सचा टॅब बाजूला लावून ठेवायचा.

फोटोशॉपमध्ये आणखी एक गोष्ट आहे जी बऱ्याच जणांनी कधी बघितलेलीच नसते. खिडकीच्या खाली डाव्या कोपऱ्यात फाइलची साइज दिसते, तिच्या शेजारच्या बाणावर क्लिक करून 'एफिशिअन्सी' निवडायचं. तिथे १०० टक्के दिसत असेल तर सगळं काम रॅममध्ये चाललंय. त्याच्या खाली उतरलं की फोटोशॉप डिस्कवर उसनवारी करतंय. आमच्या चौथ्या शीटला तिथे ३८ होते.

का, ते हिशेब केल्यावर कळलं. बारा बाय छत्तीस इंच, ३०० डीपीआय म्हणजे ३,६०० गुणिले १०,८०० पिक्सेल. तीन कोटी अठ्ठ्याऐंशी लाख ऐंशी हजार. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट. फोटोशॉपच्या भाषेत एक सपाट शीट १११ एमबीची. त्यावर बॅकग्राउंड, वरची फुलं, सात-आठ फोटो, त्यांचे मास्क, नावांची अक्षरं, सोनेरी चमक. पुन्हा मागे जाता यावं म्हणून हिस्टरीच्या मुळात ५० पायऱ्या. दोन-तीन जीबी कधी होतात कळतच नाही. अशा तीन शीट उघड्या, शेजारी लाइटरूम (रॉ फोटो निवडायचं आणि सुधारायचं सॉफ्टवेअर) चालू, क्रोममध्ये गाणी चालू. आठ जीबीत हे मावणार कसं? न मावलेलं सगळं स्क्रॅच डिस्कवर जातं, आणि स्क्रॅच डिस्क म्हणजे मुळातल्या सेटिंगप्रमाणे सी ड्राइव्ह.

इथे एक गंमत सांगतो. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी सांगितलं म्हणून मी स्क्रॅच डी ड्राइव्हला दिली होती. भरल्याची खिडकी येणं कमी झालं, पण वेग तसाच. कारण सी, डी, ई हे तीन कप्पे असले तरी कपाट एकच होतं. एकाच हार्ड डिस्कची एकच सुई कधी विंडोजसाठी, कधी रॉ फाइलसाठी, कधी स्क्रॅचसाठी पळत होती. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि प्रत्यक्षात वाहतूक सेकंदाला दोन-तीन एमबी. हार्ड डिस्क सलग मोठी फाइल शंभर-सव्वाशे एमबीच्या वेगाने वाचू शकते, पण चार ठिकाणचं तुकड्या-तुकड्यांनी मागितलं की तिची अशी वाट लागते.

वहीतलं दुसरं आश्चर्य कार्ड कॉपीचं. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला लावलेला जुना यूएसबी २ चा रीडर, ३० जीबीचं कार्ड, सतरा मिनिटं. तेच कार्ड यूएसबी ३ च्या रीडरमध्ये घालून मागच्या निळ्या पोर्टला लावलं तर साडेसहा मिनिटं. सगळ्या अपग्रेडमध्ये सर्वांत स्वस्त हाच पडला, आणि याचा प्रोसेसरशी काडीचाही संबंध नव्हता.

काही विकत घेण्याआधी: डिस्क जिवंत आहे का?

हे खरं तर मी सर्वांत आधी करायला हवं होतं. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते उघडलं आणि निळ्या 'गुड'ऐवजी पिवळं 'कॉशन' दिसलं तेव्हा पोटात गोळा आला. त्यात तीन ओळी बघायच्या. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर. सी५ म्हणजे वाचताना अडकलेले, अजून निकाल न लागलेले सेक्टर. सी७ म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातल्या वाहतुकीतल्या चुका. सी७ वाढत असेल तर बहुतेक वेळा डिस्क नाही, साटाची (डिस्क बोर्डाला जोडणारी) केबल दोषी असते. तिथले आकडे मुळात हेक्साडेसिमलमध्ये (दहाऐवजी सोळाच्या मोजणीत) दाखवतात, त्यामुळे १० दिसलं तर ते सोळा समजायचं.

आमच्या सी५ मध्ये १८ होतं, म्हणजे चोवीस सेक्टर. तेवढ्या जागी डिस्क पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते आणि तेवढा वेळ अख्खं मशीन गोठतं. आम्ही त्याला 'हँग झालं' म्हणायचो. त्या रात्री बाकी सगळं सोडून आधी तीन लग्नांचा डेटा दोन वेगवेगळ्या एक्स्टर्नल डिस्कवर घेतला. तुमच्याकडे पिवळं किंवा लाल दिसलं तर ही पोस्ट इथेच थांबवा, बॅकअप घ्या, मग पुढचं वाचा. आणि फॉरमॅट मारू नका. मरायला टेकलेल्या डिस्कवर पुन्हा पुन्हा विंडोज टाकत बसणं म्हणजे दुखऱ्या गुडघ्याला जिने चढायला लावणं.

रॅम आणि एसएसडी: काय टाकलं, कुठे फसलो

एच८१ च्या बोर्डाला रॅमचे दोनच स्लॉट आणि जास्तीत जास्त १६ जीबी. म्हणजे चार-चारच्या दोन्ही काढून आठ-आठच्या दोन घालायच्या, जुन्यात भर टाकता येत नाही. पहिल्यांदा मागवलेली आठ जीबीची स्टिक फारच स्वस्त होती. लावल्यावर मशीन चालूच होईना. उलटून पाहिलं तर पाकिटावर बारीक अक्षरात 'एएमडीसाठी'. डीडीआर३ मध्ये अशा दाट चिपच्या रॅम मिळतात, त्या ठरावीक एएमडी बोर्डांवरच चालतात, इंटेलचा बोर्ड त्यांना ओळखतच नाही. दुकानात सांगताना नुसतं 'डीडीआर३ आठ जीबी' म्हणू नका, बोर्डाचं नाव सांगा. मुंबईला लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन सेकंडहँड घेणार असाल तर परत करायची मुदत आधी विचारून घ्या, आणि लावल्यावर रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासायचं सॉफ्टवेअर) चालवा. खराब रॅम सरळ बंद पडत नाही. ती एखाद्या जेपीईजीच्या मधोमध जांभळा पट्टा सोडते, आणि तो अल्बम छापून आल्यावर दिसतो.

१६ जीबी झाल्यावर चौथ्या शीटची एफिशिअन्सी १०० वर आली. तीन शीट आणि लाइटरूम एकदम उघडं असेल तरच ९० च्या खाली उतरते.

एसएसडी ५०० जीबीची, साटा. या बोर्डाला एम डॉट टूचा स्लॉट नाही, त्यामुळे त्यात बसणाऱ्या आणखी वेगवान एनव्हीएमई एसएसडीचा विचार करायचं कारण नव्हतं. विंडोज, फोटोशॉप, लाइटरूमचा कॅटलॉग (फोटोंची आणि केलेल्या बदलांची नोंदवही), स्क्रॅच आणि चालू लग्नाचा डेटा, सगळं तिच्यावर. वेग मोजला तर सेकंदाला २७० एमबी. साटा एसएसडीला पाचशेच्या वर यायला हवं. दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं की एच८१ ला साटाचे चार पोर्ट असतात, त्यातले दोनच सहा गिगाबिटचे, उरलेले दोन तीन गिगाबिटचे. आमची एसएसडी तिसऱ्या पोर्टला होती. पोर्टाच्या रंगावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. बोर्डावर पोर्टाशेजारी बारीक अक्षरात छापलेलं असतं ते टॉर्च मारून वाचा. केबल हलवली, ५३० आले.

आता शीट उघडायला पंचवीस सेकंद. सेव्ह मात्र अजून दीड मिनिट घेत होतं आणि डिस्क तर मोकळी दिसत होती. कारण फोटोशॉप पीएसडी सेव्ह करताना ती दाबून लहान करतो आणि ते काम प्रोसेसरचं. प्रेफरन्सेसमध्ये फाइल हँडलिंगखाली पीएसडीचं हे कॉम्प्रेशन बंद करता येतं. फाइल मोठी होते, पण सेव्ह पस्तीस सेकंदांवर आलं. जागा परवडत असेल तर करा.

चार महिन्यांनी: "दादा..."

हो. परत आलं.

या वेळी एफिशिअन्सी १०० होती, रॅम मोकळी होती, तरीही स्क्रॅच फुल. सी ड्राइव्हवर फक्त नऊ जीबी जागा. आत पाहिलं तर लाइटरूमच्या प्रीव्ह्यूंचं (पटकन दाखवता यावेत म्हणून बनवलेल्या फोटोंच्या प्रतींचं) फोल्डर १९० जीबीचं. प्रत्येक लग्नाचे पूर्ण आकाराचे प्रीव्ह्यू बनवायचे आणि कधीच टाकून द्यायचे नाहीत, असं सेटिंग मीच केलेलं. दुसरं, फोटोशॉप अचानक बंद पडलं की त्याच्या स्क्रॅच फाइली टेम्प फोल्डरमध्ये तशाच पडून राहतात. 'फोटोशॉप टेम्प' आणि पुढे आकडे, अशा नावाच्या, सगळ्या मिळून ऐंशी जीबी. म्हणजे जितक्या वेळा ते बंद पडलं, तितकी पुढच्या वेळी बंद पडायची तयारी होत गेली. फोटोशॉप बंद असताना त्या बिनधास्त उडवा. तिसरं, पोराने सोयीसाठी तीन लग्नं डेस्कटॉपवर ठेवलेली. डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्हच, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, चूक माझी.

आता दर महिन्याच्या एक तारखेला हे तिन्ही झाडून काढतो. कॅटलॉग वर्षाला एक. एसएसडीवर शंभर जीबी कायम मोकळी. त्यानंतर ती खिडकी आलेली नाही.

पण उन्हाळ्यात नवीनच सुरू झालं. सकाळी मशीन ठीक, दुपारी दोननंतर मंद, रात्री पुन्हा ठीक. मे महिन्यात कराडात दुपारी स्टुडिओ भट्टी होतो, त्यामुळे संशय उष्णतेवर गेला. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिलं: एक्स्पोर्ट चालू असताना प्रोसेसर ९९-१०० डिग्री, आणि ३.२ गिगाहर्ट्झचा वेग २.१ वर उतरलेला. १०० ला पोचला की तो जीव वाचवायला स्वतःच मंद होतो. कॅबिनेट उघडलं तर पंख्याखाली धुळीची अशी घोंगडी तयार झालेली की नखाने अख्खी उचलून निघाली. शिवाय पंखा धरून ठेवणाऱ्या चार पिनांपैकी एक वर आलेली, म्हणजे एका बाजूने तो प्रोसेसरला नीट टेकतच नव्हता. दोघांमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकून खडूसारखी. ती पुसली, तुरीच्या दाण्याएवढी नवीन लावली, चारही पिना 'कट' आवाज येईपर्यंत दाबल्या. ७१ डिग्री. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो वेड्यासारखा फिरून बेअरिंग खराब होतं.

(कॅबिनेटला 'सीपीयू' म्हणायची सवय माझीही सुटलेली नाही. दुकानात मात्र नीट बोला. "सीपीयू बदलायचा आहे" म्हणालात तर समोरचा काय ऐकेल आणि काय विकेल, सांगता येत नाही.)

तरीही नवीन घ्यायचं का?

वहीच्या मागच्या पानावर मी दोन रकाने आखले. एकात 'हात थांबला', दुसऱ्यात 'मशीन लागलंय'. पहिल्यात तो वेळ, जेव्हा मी माऊस धरून बसलोय आणि मशीन मला ताटकळत ठेवतंय. दुसऱ्यात तो वेळ, जेव्हा मशीन काम करतंय पण मी तिथे असायची गरज नाही.

सगळं बदलण्याआधी अल्बमच्या एका दिवसात पहिल्या रकान्यात एक तास पस्तीस मिनिटं होती. आता वीस. दुसऱ्या रकान्यात फार फरक नाही. २०० फोटोंचं एक्स्पोर्ट आधी पंधरा मिनिटं, आता चौदा. तिथे चारही कोअर १०० टक्के असतात, रॅम आणि एसएसडी तिथे काय करणार? पण त्या चौदा मिनिटांत मी चहा घेतो, नाहीतर समोरच्या काकांशी बोलून येतो. त्यांच्यासाठी पैसे का घालू?

म्हणूनच सेकंडहँड आय७-४७९० चा मोह टाळला. तो याच बोर्डावर बसतो, चार कोअर तेच पण थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं) आठ आणि वेग जास्त. एक्स्पोर्ट तीन-चार मिनिटांनी कमी झालं असतं. पण ते सगळं दुसऱ्या रकान्यातलं. पहिल्या रकान्यात प्रोसेसरमुळे अडत होतं ते लाइटरूममध्ये एका फोटोवरून दुसऱ्यावर जाताना, दरवेळी तीन सेकंद. त्याला फुकटचा उपाय निघाला: इम्पोर्ट करतानाच स्मार्ट प्रीव्ह्यू (मूळ फोटोच्या लहान, हलक्या प्रती) बनवायचे आणि प्रेफरन्सेसमध्ये परफॉर्मन्सखाली 'मूळ फाइलऐवजी स्मार्ट प्रीव्ह्यू वापरा' वर टिक करायची. स्मार्ट प्रीव्ह्यूची लांब बाजू २५६० पिक्सेलची, त्यामुळे मशीनला कमी ओझं. एक्स्पोर्ट मूळ फाइलमधूनच होतं. फक्त शार्पनेस आणि नॉइज तपासताना ती टिक काढा, नाहीतर डोळे फसतात.

ज्या गोष्टीला या मशीनकडे उत्तर नाही, ती म्हणजे एआय डिनॉइज, म्हणजे अंधारातल्या फोटोतले दाणे एआयने काढणं. लाइटरूम क्लासिकमध्ये ते एप्रिल २०२३ ला आलं, आणि ते जवळजवळ पूर्णपणे ग्राफिक कार्डावर चालतं. हळदीच्या संध्याकाळचे, पिवळ्या बल्बखालचे, आयएसओ ६४०० चे फोटो त्याने इतके स्वच्छ होतात की एकदा सवय लागली की सुटत नाही. आणि इथेच त्या कार्डाची माफी मागतो. ते नसतं तर बोर्डावरच्या ग्राफिकवर हे काम करायचा विचारसुद्धा केला नसता. कार्डावर एका फोटोला दीड मिनिट लागतं. अल्बममधल्या वीस फोटोंना अर्धा तास, चालतं. सगळ्या हळदीच्या तीनशे फोटोंना साडेसात तास. रात्री लावून जायचं, आणि मध्ये लाइट जाऊ नये म्हणून देवाचं नाव घ्यायचं. यूपीएस पंधरा मिनिटं धरतो, साडेसात तास नाही.

दुसरी गोष्ट विंडोजची. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेट घेतले तर घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, आपला चौथ्या पिढीचा. आडवाटेने टाकता येतं, टाकलेली माणसं मला माहीत आहेत, पण धंद्याच्या मशीनवर मी तो जुगार खेळणार नाही. सध्या बँकेचे व्यवहार मोबाइलवर, आणि ग्राहकांचे पेनड्राइव्ह आधी लॅपटॉपवर तपासून मग इकडे.

तिसरी गोष्ट पैशांची. रॅम, एसएसडी, रीडर, पेस्ट आणि एक साठ रुपयांची साटा केबल मिळून मला साडेसहा हजार पडले, कार्ड वेगळं. फोटोच्या कामाला नवीन मशीन घ्यायचं तर सहा-आठ कोअर, ३२ जीबी रॅम, एक टीबी एनव्हीएमई आणि आठ जीबीचं कार्ड यापेक्षा कमी घेऊ नका, नाहीतर तीन वर्षांनी हीच पोस्ट पुन्हा शोधाल. त्यात २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले. माझ्या कोटेशनमध्ये एका महिन्यात रॅमचीच ओळ सर्वांत जास्त वाढलेली होती. जुन्यातलं नव्यात काय जाईल याचाही हिशेब करा: साटा एसएसडी जाते, कार्ड जातं, बहुतेक कॅबिनेटही जातं. डीडीआर३ रॅम, प्रोसेसर आणि बोर्ड तिघंही जात नाहीत. आणि दहा वर्षांचा, वर '४५० वॅट' छापलेला बिननावाचा एसएमपीएस नवीन बोर्डाला जोडायची काटकसर करू नका. तो एकटा मरत नाही, सोबत कोणाला तरी घेऊन जातो.

एक गोष्ट मात्र मशीनशी जोडू नका. "अल्बममध्ये फोटो काळे आले" ही तक्रार असेल तर नवीन पीसीने ती जाणार नाही. आमचा मॉनिटर पूर्ण ब्राइटनेसवर होता, त्यामुळे स्क्रीनवर उजळ दिसणारा फोटो कागदावर काळपट यायचा. त्यावर मान खाली केली की रंग बदलणारं ते जुनं टीएन पॅनेल. पैसे एकाच ठिकाणी घालता येणार असतील तर मी मशीनआधी साधा आयपीएस मॉनिटर (कुठूनही पाहिलं तरी रंग फारसे न बदलणारा) घेईन, आणि घेतलाही.

आमचा निर्णय असा झाला: येत्या तुळशीच्या लग्नापर्यंत हेच मशीन. त्याआधी दोनपैकी एक गोष्ट झाली तर नवीन. पहिल्या रकान्यातला वेळ दिवसाला पाऊण तासाच्या वर गेला तर, किंवा भाच्याने घ्यायचं म्हटलेला ४५ मेगापिक्सेलचा कॅमेरा खरंच आला तर. त्याच्या रॉ फाइली जवळजवळ दुप्पट मोठ्या असतील, आणि रॅमचा स्लॉट काही दोनाचे तीन होणार नाही.

तुम्ही विचारणार असाल तर बोर्डाचं नाव, रॅम किती, डिस्क कुठली, क्रिस्टलडिस्कइन्फोमधल्या ०५, सी५, सी७ या ओळी, आणि मशीन अडकलेलं असतानाचा टास्क मॅनेजरचा फोटो, एवढं लिहा. नुसतं "पीसी स्लो आहे, काय घेऊ?" लिहिलंत तर मी त्या दुकानदारासारखं ग्राफिक कार्डच सांगेन.

काढलेल्या चार जीबीच्या दोन्ही रॅम शेजारच्या झेरॉक्सवाल्याला दिल्या. त्याचं मशीन दोन जीबीवर आधार कार्डं छापत होतं. आता तो म्हणतो, माझं तुमच्यापेक्षा फास्ट आहे.